नीरेच्या काठावरून जगाकडे
(विकसनशील देशांचे आर्थिक सहकार्य आणि आपला अनुभव)



'विकसनशील देशांमधील आर्थिक सहकार्य आणि शाश्वत विकास' असा भारदस्त विषय मला देण्यात आला, तेव्हा मनावर थोडे दडपण आले, हे प्रथमच कबूल करतो. अशा विषयावरील भाषणे बहुधा न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा येथून सुरू होतात आणि श्रोत्यांना घड्याळ पाहावयास लावून संपतात. मी सुप्यापासून सुरुवात करणार आहे आणि भिगवणच्या मासळी बाजारापर्यंत जाणार आहे. वाटेत जावा, टोगो, नाताळ, ब्राझील अशी गावे-देश लागतील. परंतु ते सारे आपल्या बारामती-इंदापूरच्या शिवारातूनच दिसतील, एवढे आश्वासन देतो.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून घ्यावेत, जाळावेत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा फास सुटेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले. त्यामागील कारण मात्र आपण नीट पाहावयास हवे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली ते युद्ध संपले आणि भाव कोसळले. सारा मात्र वाढीव दराने बसला. ज्या शेतकऱ्याने अमेरिका कधी नकाशावरही पाहिली नव्हती, तो अमेरिकेतील घडामोडींमुळे कर्जबाजारी झाला.

वाचकहो, विकसनशील देशांचे दुखणे नेमके हेच आहे. माल आपण पिकवावयाचा आणि भाव दुसऱ्याने ठरवावयाचा. घानाचा कोको, झांबियाचे तांबे, बांगलादेशाचा ताग यांची कथा सुप्याच्या कुणब्याच्या कथेहून वेगळी नाही. म्हणून १९५५ साली आशिया-आफ्रिकेतील २९ देश इंडोनेशियातील बांडुंग येथे एकत्र आले. १९६४ साली जिनिव्हा येथे ७७ देशांनी आपला गट स्थापन केला. सदस्य पुष्कळ वाढले तरी त्याचे '७७ चा गट' हे नाव टिकून राहिले. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयरिस येथे १३८ देशांनी आपापसांतील तांत्रिक सहकार्याचा आराखडा मान्य केला. पुढे टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांच्या अध्यक्षतेखाली 'दक्षिण आयोग' बसला. आपले डॉ. मनमोहन सिंग त्या आयोगाचे महासचिव होते, आणि त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. या साऱ्या खटाटोपाचे सार एका वाक्यात सांगता येते : एकटा दुबळा, परंतु दहा दुबळे एकत्र आले तर त्यांच्याशी बोलणी करावीच लागतात.

हे तत्त्व आपल्या भागाला कोणी परदेशी पंडिताने शिकविले नाही. सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ चा शेतकरी कायदा आला, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, आणि १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला. त्याच वाटेने माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे कारखाने निघाले. एकट्या शेतकऱ्याला फार तर गुऱ्हाळ परवडते; कारखाना परवडत नाही. हजारो शेअर एकत्र आले तेव्हा तो परवडला. ज्या भूमीवर कर्जरोखे जळले त्याच भूमीवर भागपत्रके निघाली, ही लहान गोष्ट नव्हे.

आता दुसरा प्रश्न. देशादेशांतील सहकार्य आपल्या घरात कधी आले आहे काय? मी म्हणतो, ते रोज ताटात येते.

बाजरीची भाकरी घ्या. बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेतील, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. ज्वारीही आफ्रिकेचीच, सुदानकडची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि इतकी रुळली की आज कोणी तिला परकी म्हटले तर आपल्याला हसू येईल. ही झाली जुनी गोष्ट. परंतु नवी गोष्टही आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली कोरडवाहू पिकांच्या संशोधनासाठी 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील टोगो या चिमुकल्या देशाच्या उत्तर भागातून आणलेल्या बाजरीतून निवड करीत 'आयसीटीपी ८२०३' हे वाण तयार केले. त्याच्या नावातील 'टी' हे अक्षर टोगोचेच आहे. १९८८ साली हे वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. लवकर येणारे, टपोऱ्या दाण्याचे हे वाण कोरडवाहू शेतकऱ्याला मानवले. त्याच्यातूनच पुढे अधिक लोह असलेली 'धनशक्ती' ही बाजरी निघाली. आपल्या मुलींच्या अंगात रक्त कमी, ही तक्रार घरोघर आहे. त्यावरच्या एका उपायाचे बी टोगोच्या गरीब शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेले होते. त्याला आपले नाव ठाऊक नाही, आपल्याला त्याचे नाही. तरीही हा व्यवहार झाला.

उसाचेही तसेच. बांडुंग परिषद ज्या जावा बेटावर भरली, त्याच बेटाच्या पूर्वेस पासुरुआन येथील संशोधन केंद्रात १९२१ साली 'पीओजे २८७८' हा प्रसिद्ध ऊस तयार झाला. आपल्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राने (स्थापना १९१२) त्याच्याशी आपल्या 'को २९०' चा संकर करून 'को ४१९' काढला, आणि त्या वाणाने दख्खनच्या कालवा भागात उसाचे रूप पालटले. पुढे 'को ७४०' आला आणि आज आपण ज्याला नुसते '८६०३२' म्हणतो तो वाण आला. हे सारे कोइमतूरचे. कोइमतूरने घेतले, तसे दिलेही. तेथे केलेल्या एका संकराचे बी दक्षिण आफ्रिकेतील नाताळला पाठविले गेले, तेथे त्याची निवड झाली आणि १९४५ साली 'एनको ३१०' हे वाण जगापुढे आले. त्यातील 'एन' नाताळचा आणि 'को' कोइमतूरचा. ज्या नाताळात १८६० पासून आपल्या देशातील गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांत राबले, तेथेच पुढे आपले बीही गेले. तो काळ साम्राज्यांचा होता आणि नफा बहुधा मळेवाल्यांचा झाला, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच स्वतंत्र देशांनी ही देवघेव आपल्या हातात घ्यावी, असा आग्रह पुढे धरला गेला.

येथवर भाषण थांबविले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. परंतु हिशेबाच्या वहीला दुसरे पानही असते, आणि माझा खरा मुद्दा त्या पानावर आहे.

१८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर, दुष्काळी भागाला संरक्षण म्हणून नीरा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ साली तो सुरू झाला. भाटघरचे धरण १८९२ मध्ये झाले, आणि पुढे १९२८ मध्ये त्याच्या जागी मोठे धरण पुरे झाले. हेतू असा की, चार थेंब अनेकांना मिळावेत आणि बाजरी-ज्वारी हाताशी लागावी. प्रत्यक्षात पाणी उसाकडे वळले. आपल्या भागात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उसाला त्याच्या सुमारे चौपट पाणी लागते. परिणाम काय झाला? कालव्याला पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, १९१० साली, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. जास्त पाण्याने जमिनी उपळल्या, मीठ वर आले, पांढरा थर बसला. ज्या काळ्या रानाने सोने दिले तेच चोपण झाले. आज शंभराहून अधिक वर्षांनी आपल्या कितीतरी शेतकऱ्यांना तोच पांढरा थर पाहावा लागतो.

हीच कथा सिंधू नदीच्या खोऱ्यात घडली. पाकिस्तानात त्या दुखण्याला 'सेम आणि थूर' म्हणतात. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना हे शब्द ओळखीचे असतील. इजिप्तमध्ये आस्वानच्या उंच धरणानंतर शेतांखाली निचऱ्याचे नळ घालण्याचे प्रचंड काम हाती घ्यावे लागले. मध्य आशियात कापसासाठी नद्या वळविल्या आणि अरल समुद्र आटून गेला. प्रत्येक देशाने हा धडा स्वतःच्या जमिनीची किंमत मोजून घेतला. नीरेच्या काठी १९१० सालीच जे कागदावर आले होते ते इतरांना आपुलकीने कोणी सांगितले असते, आणि सांगितलेले ऐकले गेले असते, तर काही लाख एकर तरी वाचले असते.

दुसरे उदाहरण भिगवणचे. १९८० साली उजनी धरण पुरे झाले. इंदापूर तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी उतरले की अजूनही वर डोके काढते. त्या पाण्यावर आज मासेमारी चालते, आणि बाजारात जी मासळी ढिगाने दिसते ती 'चिलापी'. ही चिलापी आफ्रिकेची, मोझांबिककडची. स्वस्त आणि भरपूर अन्न मिळावे म्हणून तिला १९५२ साली भारतात आणले गेले. हेतू वाईट नव्हता. गरिबाला मासा मिळालाही. परंतु ही मासळी अशी काही वाढली की जुन्या नदीतील जातींना जागा उरली नाही. आणणाऱ्यांनी मासा आणला; आफ्रिकेत त्याला आवर घालणारे जे शत्रू होते ते काही बरोबर आले नाहीत. टोगोची बाजरी आणि मोझांबिकचा मासा, दोन्ही आफ्रिकेचीच देणगी. एकीची वर्षानुवर्षे पारख करून मग ती शेतकऱ्याच्या हाती दिली, दुसऱ्याला घाईने पाण्यात सोडले. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

तिसरे उदाहरण आजचे. ब्राझीलने १९७५ साली उसापासून इंधन करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २०२३ साली नवी दिल्लीत जी-२० परिषदेच्या वेळी भारत, ब्राझील आदी देशांनी जैवइंधनाची जागतिक आघाडी स्थापन केली, आणि २०२५ साली भारताने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. आपल्या कारखान्यांना यातून आधार मिळाला, उसाची बिले वेळेवर निघण्यास मदत झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ब्राझीलचा ऊस मुख्यतः पावसावर येतो आणि आपला कालव्यावर व विहिरीवर येतो. त्यांचे यंत्र आपण आणू शकतो; त्यांचा पाऊस आणू शकत नाही. ब्राझीलकडून शिकावे जरूर, मात्र शिकताना एक लिटर इंधनामागे आपल्याकडे किती पाणी जाते, हा आकडा आपलाच मांडावा लागेल.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली तिचा आशय असा की, आजची गरज भागवताना उद्याच्या पिढीच्या गरजेवर घाला पडता कामा नये. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, नातवाच्या वाट्याचे पाणी आजोबाने पिऊ नये. आणि मी त्यात आणखी एक जोड देईन : टेलच्या माणसाचे पाणी हेडच्या माणसाने पिऊ नये. नीरा डाव्या कालव्याचे शेवटचे टोक इंदापूर तालुक्यात आहे. आवर्तन सुटले की वरच्या अंगाला पाट भरून वाहतात आणि टेलचा शेतकरी रात्र-रात्र चारीवर बसून राहतो. जगाच्या बाजारात जे देश टेलला आहेत त्यांची आपण बाजू घेतो. परंतु स्वतःच्या कालव्यावर आपण हेडला असलो तर कसे वागतो, हे ज्याने त्याने मनाला विचारावे. जो घरात न्याय करीत नाही, त्याने जगाकडे न्याय मागताना आवाज थोडा खालीच ठेवावा.

याला उत्तर नाही असे नाही, आणि ते दूरही नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी 'पाणी पंचायत' सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरावर वाटावयाचे नाही, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर वाटावयाचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. त्या पाण्यावर ऊस नाही. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. चार साधे नियम. बुर्किना फासो असो वा इथिओपिया, कोरडवाहू मुलखातील कोणत्याही खेड्याला हे नियम समजतील, कारण त्यांना यंत्र लागत नाही. एकमेकांवर विश्वास लागतो.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. विकसनशील देशांनी एकमेकांना बी द्यावे, यंत्रे द्यावीत, कर्ज द्यावे. हे सर्व चालूच आहे. भारत सरकारच्या 'आयटेक' योजनेखाली १९६४ पासून दीडशेहून अधिक देशांतील लोक आपल्याकडे शिकून गेले. भारताच्या प्रस्तावाला सत्तरहून अधिक देशांनी पाठिंबा दिला म्हणून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. परंतु सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी होणारी देवघेव चुकांची आहे. पाहुणे आले की आपण त्यांना हिरवा ऊस दाखवितो, चोपण रान दाखवीत नाही. तेही आपल्याला त्यांची धरणे दाखवितात, त्यांची वाळवंटे दाखवीत नाहीत. मग दोघेही एकाच खड्ड्यात वेगवेगळ्या वर्षी पडतात. श्रीमंत देशापुढे आपली चूक सांगताना आपल्याला कमीपणा वाटत असेल. बरोबरीच्या माणसापुढे तो का वाटावा?

आता शेवटी आपल्या संस्थेपुरते बोलतो. शिक्षणसंस्थेने कालवा काढावयाचा नसतो. परंतु तिच्या हाती तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, नोंद. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरची अथवा शेजारची एक विहीर निवडावी आणि दर महिन्याला दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहावी. दहा वर्षांनी अशा शंभर वह्या झाल्या तर या तालुक्यांविषयी बोलताना आपल्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट, भाषा आणि कसब. आपल्या समाजातील बागवान मंडळी पिढ्यान्‌पिढ्या फळांच्या व्यापारात आहेत. इंदापूरचे डाळिंब आणि केळी आखाती देशांच्या बाजारात जातात. आपली मुलेही तिकडे नोकरीला जातात. ती नुसती हमाली वा ड्रायव्हरकी करण्यासाठी न जाता तेथील बाजार, प्रतवारी, शीतगृहे, थेंबाथेंबाने पाणी देण्याच्या रीती शिकून यावीत. अरबी पुष्कळांच्या कानावरून गेलेली असते. ती व्यवहाराची भाषा म्हणूनही शिकवावी. जोडीला फ्रेंच शिकविता आली तर पश्चिम आफ्रिकेचे दार उघडेल. मुलींना यात मागे ठेवू नये. हिशेब आणि भाषा यांत त्या काकणभर सरसच असतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. पुण्यात आफ्रिका आणि पश्चिम आशियातील देशांचे विद्यार्थी शिकतात. सणावाराला वसतिगृहात एकटे बसलेले असतात. त्यांतील चार-दोघांना दरवर्षी आपल्याकडे बोलवावे. घरची भाकरी खाऊ घालावी आणि सांगावे की, हे तुमच्याकडचेच धान्य आहे. मग त्यांना शिवारात न्यावे. ऊस दाखवावा, द्राक्षबाग दाखवावी, आणि शेवटी पांढरे पडलेले चोपण रानही दाखवावे. येथे आम्ही चुकलो, असे सांगावे. त्यांच्या गावी काय चुकले तेही विचारावे.

त्यांच्यापैकी एखादा उद्या आपल्या देशात पाटबंधारे खात्याचा अधिकारी होईल. कालव्याचा नकाशा समोर आला असता त्याला ते पांढरे रान आठवले आणि त्याने निचऱ्याची सोय आधी करून घेतली, तर बारामती-इंदापूरने जगाला फार मोठी मदत केली, असे मी समजेन.